मदत हवी आहे: आमच्या नंबरावरून आम्ही न केलेले फोन जातायत

लालबागकरीण:
मंगळवारपासून नुसता ताप झालाय. आमच्या दवाखान्याच्या नंबरावरून लोकांना फोन जातायत, तुमचं पार्सल कस्टमने अडवलंय, पैसे भरा म्हणून. आम्ही एकही केलेला नाही. लोक उलट फोन लावतात तो आम्हालाच लागतो, मग शिव्या. काल एक आजी रडत होत्या, पाच हजार गेले त्यांचे. नंबर बदलला तर थांबेल का? लवकर सांगा, सहाला ओपीडी आहे.

खटपट्या:
मोबाइल आहे की लँडलाइन?

पाऊसपाणी:
व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप लावा ताबडतोब. माझ्या मेव्हण्याचं असंच हॅक झालेलं.

लालबागकरीण:
व्हॉट्सअ‍ॅपचा काय संबंध, साधे फोन आहेत हो. नेटवरची लाइन आहे, मागच्या वर्षी त्याच कंपनीने करून दिली, नंबर जुनाच राहिला. कपाटावर एक डबा आणि तीन टेबलांवर फोन.

खटपट्या:
हे आधी सांगायचं ना ताई! दोन शक्यता आहेत. एक, डब्यात कोणीतरी घुसलंय. एक्स्टेन्शन, म्हणजे टेबलावरच्या फोनचा आतला नंबर, १०१ आणि पासवर्डपण १०१ असेल तर बाहेरचा माणूस लॉगिन करून तुमच्याच लाइनवरून फोन करतो आणि बिल तुम्हाला येतं. दुसरी, तुमच्या लाइनला हातही न लावता कोणीतरी दुसरीकडूनच तुमचा नंबर दाखवतोय. सिपमध्ये, म्हणजे नेटवरचे फोन ज्या पद्धतीने जोडले जातात त्यात, 'फ्रॉम'च्या जागी फोन करणारा लिहील ते पुढे जातं, कंपनीने तपासलं नाही तर समोरच्या स्क्रीनवर तेच उमटतं. डब्यातला सीडीआर, म्हणजे कुठला फोन कधी कोणाला गेला त्याची यादी, काढा, आजींना फोन आला त्या वेळेची नोंद आहे का बघा.

सर्किटबोर्ड:
यावर खरा इलाज स्टर-शेकन, म्हणजे फोन करणाऱ्याचा नंबर खरा आहे का हे तपासायची पद्धत. ज्या कंपनीतून फोन निघतो ती त्यावर डिजिटल सही करते. ग्राहक ओळखीचा आणि नंबर वापरायचा हक्क त्याचाच, तर सहीचा दर्जा ए. ग्राहक माहीत पण नंबराची खात्री नाही, तर बी. नुसता बाहेरून आलेला फोन पुढे ढकलला, तर सी. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून सक्तीचं आहे.

खटपट्या:
त्यांचा दवाखाना लालबागला आहे, अमेरिकेत नाही. आणि मध्ये जुनं एक्स्चेंज लागलं की ती सही गळून पडते, हेही सांगा की.

चहाबाज:
आता स्क्रीनवर नाव दाखवायची सोय येतेय ना, ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्येच शिफारस केलीये. मग कळेलच खरं कोण ते.

सर्किटबोर्ड:
नाही कळणार. नाव नंबरावरून शोधतात. नंबरच खोटा दाखवला तर नाव यांच्याच दवाखान्याचं येईल, आजींचा विश्वास उलट जास्त बसेल.

पाऊसपाणी:
लालबागला नेट कोणाचं चांगलं आहे? आमच्या गल्लीत मंडपाचे खड्डे घेताना केबल तुटली, चार दिवस बंद.

लालबागकरीण:
सीडीआर काढला. आजींना ११:२० ला फोन आलेला, आमच्याकडे ११:०५ नंतर थेट ११:४२, तेही लॅबला. म्हणजे आमच्यातून गेलाच नाही ना?

खटपट्या:
नाही गेला. म्हणून तुमच्या कंपनीकडेही माग सापडणार नाही, त्यांच्यातून तो कॉल गेलेलाच नाही. माग निघतो आजींच्या कंपनीपासून, कॉल त्यांच्याकडे कुठून शिरला तिथून मागे मागे. आजींनी आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, पैसे गेलेत, जितका उशीर तितकं अवघड. तो सीडीआर जपून ठेवा, पोलिसांनी विचारलं तर दाखवता येईल. नंबर बदलून काही होणार नाही, ते तुमची लाइन वापरतच नाहीयेत. ज्यांचे पैसे गेले नाहीत त्यांना संचार साथी या सरकारी साइटवर चक्षूमध्ये, म्हणजे संशयास्पद फोन कळवायच्या जागी, तक्रार टाकायला सांगा. आणि पासवर्ड तरीही बदला.

लालबागकरीण:
आजींशी बोलले, लेकीने १९३० ला लावला, तक्रार नंबर मिळाला. दारावर कागद चिकटवलाय, दवाखाना फोनवर पैसे मागत नाही. आमचा नंबर वीस वर्षं केसपेपरवर छापलेला आहे, तो मी सोडणार नाही. पासवर्ड १०१च होता, बदलतेय.