अनुभव धागा : जाहिरात न निघालेली नोकरी तुम्हाला कशी मिळाली?

जागा रिकामी होणे आणि तिची जाहिरात निघणे यांच्यामध्ये बराच काळ जातो. कोणीतरी राजीनामा देतो, त्याचा नोटीस पीरियड सुरू होतो, विभागप्रमुख नव्या माणसासाठी मंजुरी मागतात, आणि ती येईपर्यंत सहकाऱ्यांकडे चौकशी करत राहतात की, तुमच्या पाहण्यात कोणी आहे का? पुष्कळ जागा एवढ्या चौकशीवरच भरतात. ज्यांना अशी नोकरी मिळाली, किंवा ज्यांनी ती दुसऱ्याला मिळवून दिली, त्यांनी आपला अनुभव इथे सविस्तर लिहावा, ही विनंती. पात्रता नसताना वशिल्याने झालेल्या नेमणुका हा या धाग्याचा विषय नाही. सुरुवात मीच करते.

मी लेखा विभागात काम करते. माझी आत्ताची नोकरी ज्या गृहस्थांमुळे मिळाली, ते माझ्या आधीच्या कंपनीत लेखापरीक्षणासाठी येत असत. व्हाउचर आणि बँकेच्या जुळवणीची पत्रके यांपलीकडे आमचे बोलणे कधी गेले नाही. परंतु मागितलेला कागद माझ्याकडून त्याच दिवशी मिळतो, हे त्यांच्या लक्षात राहिले होते, आणि त्यांच्या दुसऱ्या एका क्लायंटकडे वरिष्ठ लेखापालाची जागा रिकामी होणार असल्याचे कळताच त्यांनी मला फोन केला. माझ्या जिवलग मैत्रिणींनी तोवर मनापासून खटपट केली होती. पण त्यांना ठाऊक असलेल्या जागा मलाही ठाऊकच होत्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके हेच कारण मांडले आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांशी ते बोलले, त्यांपैकी नोकरीची बातमी देणाऱ्याची आपली वारंवार भेट होत असे, असे सांगणारे जेमतेम १७ टक्के होते. सुमारे ५६ टक्के लोकांची भेट अधूनमधून, तर २८ टक्के लोकांची क्वचितच होत असे.

सॉफ्टवेअर चाचणी विभागातून

मी रेफरल देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मला येणाऱ्या बहुतेक संदेशांत ‘सर, प्लीज रेफर करा’ एवढेच असते आणि खाली सीव्ही जोडलेला असतो. अशा वेळी त्या माणसाला कोणत्या जागेसाठी पुढे करायचे, हे मीच शोधून काढावे, अशी अपेक्षा असते, आणि ते सहसा होत नाही. एका मुलीने मात्र जागेचा क्रमांक दिला, त्या कामातली कोणती तीन कौशल्ये आपल्याकडे आहेत आणि ती कोणत्या प्रकल्पात वापरली, हे चार ओळींत लिहिले, आणि ‘आपल्याला योग्य वाटले तरच पुढे पाठवावे’ असा शेवट केला. मी तिच्या ओळी जशाच्या तशा आमच्या मॅनेजरना पाठवल्या. मुलाखतीच्या फेऱ्या तिलाही सगळ्या द्याव्या लागल्या, कारण रेफरलने फक्त सीव्ही माणसाच्या डोळ्यांखालून जातो. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : अनेक कंपन्यांत उमेदवाराने स्वतः पोर्टलवर अर्ज भरला, की त्यानंतर दिलेल्या रेफरलची नोंद होत नाही. म्हणून आधी ओळखीच्या माणसाला विचारावे, मग अर्ज करावा.

घरातल्या आजारपणामुळे काही वर्षे नोकरीबाहेर होते

मी कोणाकडेही नोकरी मागितली नाही. तांत्रिक लेखनाच्या क्षेत्रातल्या जुन्या परिचितांना मी केवळ वीस मिनिटे मागितली आणि सध्या या कामात काय बदलले आहे, तुमच्याकडे कोणते काम माणसाअभावी अडले आहे, असे विचारत गेले. ‘जागा आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळे होता येते, पण आपल्या कामाबद्दल कोणी आस्थेने विचारले, की माणसे भरभरून बोलतात. प्रत्येक बोलणे संपवताना मी ‘याबाबत आणखी कोणाशी बोलावे?’ एवढे विचारत असे. अशा साखळीतून मी ज्या बाईंपर्यंत पोहोचले, त्यांना मी त्याआधी कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या उत्पादनाची माहितीपुस्तिका दोन आवृत्त्या मागे राहिली होती आणि तिच्यासाठी जागा मंजूर झालेली नव्हती. प्रथम ते काम करारावर मिळाले. पुढे त्याच कामासाठी कायम पद निर्माण झाले. ज्यांनी ज्यांनी वेळ दिला होता, त्या सर्वांना मी नेमणुकीचे कळवले.

मनुष्यबळ विभागातून

वरचे अनुभव खरे आहेत, तरी दुसरी बाजूही नोंदवायला हवी. केवळ ओळखीतून भरती होत गेली, की एकाच कॉलेजची, एकाच जुन्या कंपनीतली माणसे जमत जातात, आणि ज्याच्या घरात या क्षेत्रात आधी कोणी नव्हते, तो कितीही गुणी असला तरी बाहेर राहतो. म्हणून रेफरल आले तरी जागा जाहीर करावीच, असा आग्रह मी धरते. ज्यांना ओळखीच नाहीत, त्यांनी व्यावसायिक संघटनांच्या कार्यशाळांना जावे, वक्त्याला त्याच्या विषयावरचा नेमका प्रश्न विचारावा आणि नंतर त्या उत्तराचा आपल्या कामात काय उपयोग झाला, हे त्याला लिहून कळवावे. आमच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाची शिफारस अशाच वक्त्याने केली होती. शिफारस करणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे : ‘मुलगा चांगला आहे’ या वाक्याचा मला काहीच उपयोग होत नाही. तुम्ही त्याला कोणते काम करताना स्वतः पाहिले, ते लिहा.