व्हिएतनामचा ई-व्हिसा: चौदा जणांच्या गटाने अर्ज कसे करावेत?

प्रश्न (नाशिकहून, गटाचा संयोजक)

आमच्या सोसायटीतील चार कुटुंबे, मिळून चौदा जण, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिएतनामला जाणार आहोत. मुंबईहून हनोई, तेथून हा लाँग आणि दा नांग, शेवटी हो ची मिन्ह सिटी असा मार्ग ठरला आहे. गटात काही ज्येष्ठ नागरिक आहेत आणि दहा वर्षांखालील दोन मुले आहेत. सर्व आरक्षणे आम्ही स्वतः केली असल्यामुळे व्हिसाचे कामही स्वतःच करावे, असा विचार आहे. एका एजंटाने माणशी सरकारी शुल्काच्या दुपटीहून अधिक रक्कम सांगितली, हेही त्यामागचे एक कारण आहे. गटासाठी एकच अर्ज भरता येतो का? सर्वांचे शुल्क एकाच कार्डावरून आणि सर्वांचा पत्रव्यवहार एकाच ईमेलवर चालेल का? मुलांची नावे आईवडिलांच्या अर्जात घालता येतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पुण्याहून)

व्हिएतनामच्या ई-व्हिसात पर्यटकांच्या गटासाठी एकत्र अर्ज नाही. प्रत्येक पासपोर्टमागे एक स्वतंत्र अर्ज, एक नोंदणी क्रमांक आणि एक व्हिसा, असा सरळ हिशेब आहे. आपल्याला चौदा वेळा अर्ज भरावा लागेल. अर्जात चौदा वर्षांखालील मुलांची माहिती देण्याची जागा दिसते, पण ती पालकांच्याच पासपोर्टवर नाव असलेल्या मुलांसाठी आहे. भारतात तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागत असल्यामुळे आपल्या दोन्ही मुलांचे अर्ज वेगळे करावेत.

एकच कार्ड आणि एकच ईमेल चालतो. मात्र अर्जाची स्थिती पाहताना नोंदणी क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी विचारल्या जातात. चौदा जणांचे क्रमांक एका तक्त्यात नावापुढे लिहून ठेवले नाहीत, तर कोणता निरोप कोणाचा आहे हे शोधण्यातच वेळ जातो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि त्यांची दैनिक मर्यादा पुरेशी आहे का, हे आधी पाहावे. शुल्क एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर आहे, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो.

संकेतस्थळाबाबत विशेष सावध राहा. शोधयंत्रात वर येणारी बरीच स्थळे खासगी मध्यस्थांची असतात आणि ती सरकारी वाटावीत अशाच बेताने सजवलेली असतात. खऱ्या स्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा आहे.

उत्तर २ (ठाण्याहून)

वरील माहितीशी सहमत आहे. गटाच्या अर्जांत गोंधळ होतो तो मुख्यतः नावांचा, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव ‘दिलेले नाव’ या रकान्यात एकत्र असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. काही जुन्या पासपोर्टांवर तर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. घरात, आधार कार्डावर किंवा बँकेत आपण कोणते नाव लावतो, याला येथे काही अर्थ नाही. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतील स्पेलिंग प्रमाण मानून तेच अर्जात आणि विमानाच्या तिकिटावर असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या, पण पासपोर्ट जुन्याच नावाचा असलेल्या बहिणी-वहिनींच्या बाबतीत हे आवर्जून तपासा.

पासपोर्ट क्रमांकाचीही एक खूण सांगतो. आपल्या पासपोर्टचा क्रमांक म्हणजे आरंभी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात अंक. म्हणून मध्ये कोठे ‘ओ’ अक्षर आहे की शून्य, असा संभ्रम झाला, तर ते शून्यच आहे. जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने द्यायची असते.

माझ्या मते एकाने अर्ज भरावेत आणि शुल्क भरण्यापूर्वी दुसऱ्याने पासपोर्ट हातात धरून प्रत्येक रकाना मोठ्याने वाचावा. शुल्क भरल्यावर चूक लक्षात आली, तर बहुधा नव्याने अर्ज करून पुन्हा शुल्क भरण्याची वेळ येते. ज्येष्ठांचे फोटो चष्मा काढून घ्यावेत. घरी आहे तोच फोटो चालवून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा.

उत्तर ३ (कोल्हापूरहून)

एकानेच सगळे भरावे, हे मला फारसे पटत नाही. चौदा पासपोर्टांच्या प्रती एकाच्या मोबाइलवर फिरत राहणे चांगले नाही, आणि सातव्या-आठव्या अर्जापर्यंत भरणाऱ्याचे डोळेही थकतात. प्रत्येक कुटुंबाने आपले अर्ज आपण भरावेत आणि संयोजकाने प्रवेशाची तारीख व प्रवेशाचे ठिकाण या दोनच गोष्टी सर्वांना लेखी कळवाव्यात, कारण गटाच्या दृष्टीने सारख्या असायला हव्यात त्या याच. आपण हनोईला उतरणार असल्याने सर्वांच्या अर्जात नोई बाई विमानतळ हवा. एका कुटुंबाने चुकून हो ची मिन्ह सिटीचा तान सोन न्यात निवडला, तर तपासणीच्या रांगेत नसता प्रश्न उभा राहील. व्हिसावर लिहिलेल्या तारखेपूर्वी प्रवेश मिळत नाही, म्हणून विमान मध्यरात्रीच्या आसपास पोहोचणार असेल, तर आरंभाची तारीख एक दिवस आधीची घ्यावी.

मुदतीचा हिशेब आणखी महत्त्वाचा आहे. छाननीला कामाचे तीन दिवस सांगितले जातात, पण शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत, आणि ३० एप्रिल व १ मे हे दोन्ही दिवस तेथे राष्ट्रीय सुट्टीचे आहेत. आपला प्रवास मेच्या दुसऱ्या आठवड्यात असल्यामुळे एप्रिलच्या अखेरीस अर्ज करणे म्हणजे नेमके त्या सुट्ट्यांत अडकणे होय. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सर्व अर्ज गेलेले असावेत. एखाद्याचा व्हिसा मागे राहिला, तरी इतरांच्या व्हिसांवर त्याचा परिणाम होत नाही. पण आजी-आजोबांचे आले आणि नातवाचे राहिले, तर ते कुटुंब निघणार कसे? म्हणून लहान मुलांचे अर्ज सर्वांत आधी करावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काम कुटुंबनिहाय वाटून घेऊ आणि पडताळणी मी करीन. एक शंका राहिली: दोन कुटुंबांना मधेच कंबोडियात अंगकोर वाट पाहून पुन्हा हो ची मिन्ह सिटीत आमच्याबरोबर यायचे आहे. त्यांनी काय करावे?

उत्तर १ (पुण्याहून)

एकदा प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पाऊल पडताच संपतो, त्यामुळे त्या दोन कुटुंबांना अनेकदा प्रवेशाचा, म्हणजे ५० डॉलरचा व्हिसा घ्यावा लागेल. कंबोडियाचा व्हिसा आणि तेथील आगमनाचा ऑनलाइन अर्ज हेही वेगळे. शक्य असेल तर अंगकोर वाट प्रवासाच्या शेवटी ठेवून ती कुटुंबे सिएम रीप या अंगकोर वाटजवळच्या शहरातूनच भारताकडे निघाली, तर २५ डॉलरचा व्हिसा पुरेल. फक्त परतीचे तिकीट व्हिएतनाममध्ये विमानतळाबाहेर पडावे लागेल असे नसावे.