पिलबरातली बॅटरी इंजिनं: खाणरेल्वेनं तार ओढावी की बॅटरी वाहावी?

लोहमार्ग (धागाकर्ता):
२०२५च्या अखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरात लोहखनिज काढणाऱ्या फोर्टेस्क्यू कंपनीची दोन बॅटरीवर चालणारी रेल्वे इंजिनं दाखल झाली. एकेकाची बॅटरी १४.५ मेगावॉट-तासांची, म्हणजे साडेचौदा हजार युनिट. महिन्याला शंभर युनिट लागणाऱ्या घराची बारा वर्षांची वीज एका इंजिनाच्या पोटात!

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो उतार. खाणी उंचावर, बंदर समुद्रकाठी. भरलेली गाडी उतरते, रिकामी चढते. फोर्टेस्क्यूची एक गाडी २४४ वाघिणींची, सुमारे २.८ किलोमीटर लांब, ३४ हजार टनांवर खनिज वाहणारी. हे ओझं उतारावर आवरताना डिझेल इंजिन सगळी ताकद उष्णता करून हवेत सोडतं. ती साठवता येत असेल तर साठवलीच पाहिजे.

कर्जतकर:
साठवायची कशाला? आमच्या घाटात उतरणारं इंजिन वीज परत तारेत देतं आणि चढणारी गाडी ती वापरते. स्वीडनच्या किरुना खाणीकडून नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे जाणाऱ्या मार्गावर १९१५ मध्येच विजेची इंजिनं धावू लागली, तीही बर्फात. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याचं लोहखनिज विशाखापट्टणमला तारेखालूनच उतरतं. जड बॅटरी सोबत ओढत नेणं मला पटत नाही.

हिशोबही बघा. ही दोन इंजिनं मिळून वर्षाला दहा लाख लिटर डिझेल वाचवतील. कंपनीच्या रेल्वेनं २०२१च्या आर्थिक वर्षात ८२० लाख लिटर जाळलं होतं. मागणी जानेवारी २०२२ची, इंजिनं आली २०२५च्या अखेरीस.

पर्थवासी:
कर्जतकर, घाटात तुमच्या तारेखाली दिवसभर गाड्यांची रांग असते. परत आलेली वीज घ्यायला कोणीतरी असतंच. इथे माळरानावर शेकडो किलोमीटर एकाच कंपनीचा मार्ग, अधूनमधून एखादी गाडी. पिलबराचं वीजजाळं पर्थच्या जाळ्याला जोडलेलंही नाही. किनाऱ्यावर चक्रीवादळं येतात. खाण संपली की खांब आणि उपकेंद्रं तिथेच राहणार, इंजिन मात्र दुसरीकडे नेता येतं.

कर्जतकर:
खाणी दशकानुदशकं चालतात, त्यामुळे खांब वाया जाण्याची भीती पटत नाही. गाड्यांच्या अंतराचा मुद्दा मान्य. पण २०२२ मध्ये ह्याच कंपनीनं ‘इन्फिनिटी ट्रेन’ जाहीर केली होती: उतारावरच्या विजेवर परतीचा प्रवास, बाहेरून चार्जिंग शून्य. आताच्या इंजिनांबद्दल ती स्वतःच ४० ते ६० टक्के ऊर्जा परत मिळेल म्हणते. उरलेली चार्जरमधूनच यायची ना? मग वीज रुळांपर्यंत न्यावी लागणारच आहे.

चंद्रपूरची:
दोघंही पैशांवरच बोलताय. डिझेलचा धूर रोज छातीत घेणारे लोक शेडमध्ये असतात. माझे वडील होते. तार असो वा बॅटरी, इंजिनाखाली काम करणाऱ्याला स्वच्छ हवा मिळते, हे कोणत्या रकान्यात मांडणार?

लोहमार्ग:
ताई, हे मी आधीच लिहायला हवं होतं. कर्जतकर, ‘शून्य चार्जिंग’ हे फार मोठं बोलणं होतं, मान्य. तरी न्यायची वीज निम्म्यावर येते आणि ती ठरावीक ठिकाणीच लागते. पूर्ण मार्गावर खांब रोवण्यापेक्षा हे काम हलकं. माझी खरी धास्ती उन्हाची आहे. ह्याच भागातल्या मार्बल बारला १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस पारा ३७.८ अंशांवर गेला होता. तिथे पाच उन्हाळे काढल्यावर साडेचौदा हजारांतले किती युनिट उरतात, त्यावर माझं मत बदलू शकेल.