मदत हवी आहे: लहानपणी कासाई ऑपरेशन झालेल्या भावाच्या यकृतात गाठ. आधी बायोप्सी की आधी ट्रान्सप्लांटवाल्यांचं मत?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २९, सिंहगड रोडला राहतो. तान्हा असताना कावीळ उतरेना आणि शी पांढुरकी, म्हणून तपासण्या केल्या तर बिलिअरी अट्रेसिया निघाला. यकृतातलं पित्त आतड्यात आणणाऱ्या नळ्याच बंद. दोन महिन्यांचा व्हायच्या आत कासाई ऑपरेशन झालं. यात बंद नळ्या काढून आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या तोंडाशी जोडतात. मोरिओ कासाई या जपानी सर्जननी १९५०च्या दशकात काढलेली ही पद्धत. त्यानंतरही कित्येक मुलांना पुढे यकृत बदलावं लागतं, आमचा मात्र स्वतःच्या यकृतावर इंजिनिअर होऊन हिंजवडीला नोकरीला लागला. प्लीहा मोठी, प्लेटलेट कमी, मधूनच हुडहुडी भरून ताप, मग सलाईनमधून अँटिबायोटिक. घरात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं.

लहानपणापासूनचे सर्जन निवृत्त झाले आणि त्यानंतर हा पेशंट नेमका कुणाचा, तेच ठरेना. मुलांचे डॉक्टर म्हणणार मोठा झाला, मोठ्यांचे म्हणणार हे लहानपणीचं दुखणं. सिरॉसिस असलेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृताची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, हे एवढ्या वर्षांत एकाही फाइलवर कुणी लिहिलं नाही.

आता डोळे पिवळे, रात्रभर खाज, वजन उतरलंय. एमआरआयमध्ये यकृताच्या मुखाजवळ गाठ आणि तिच्यामागच्या पित्तनलिका फुगलेल्या. रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांपैकी एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठी बघतात) नॉर्मल, सीए १९-९ (पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी बघतात) बरंच वाढलेलं. रिपोर्टमध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरची शंका घेतलीय. एक डॉक्टर म्हणतात उद्याच सुईने तुकडा काढू. दुसरे म्हणतात त्या गाठीला हात लावू नका, आधी ट्रान्सप्लांट सर्जनना दाखवा. दोघेही जाणते आहेत, म्हणून तर जास्त गोंधळ.

कुणाच्या घरी कासाई झालेलं मूल मोठं झालंय का? पुण्यात अशा पेशंटला कोण बघतं? आणि कावीळ उतरवायला स्टेंट टाकायचा तर तोंडातून दुर्बीण जाणार कशी, मूळचा रस्ताच बदललेला आहे ना? आईला अजून 'गाठ' एवढंच सांगितलंय. आयुर्वेदिक काढे आणि पपईच्या पानांचा रस कृपया सुचवू नका, तो सल्ला सोसायटीतून रोज मिळतो.

पॅथॉलॉजीवाली: ताई, मी लॅबमधली, उपचार करणारी नाही, तेवढं धरून वाचा. पित्त तुंबलं किंवा नळ्यांना जंतुसंसर्ग झाला की सीए १९-९ कॅन्सर नसतानाही भरपूर वाढतं. कावीळ उतरल्यावर परत करा, तो आकडा जास्त बोलका. दुसरं, कासाई झालेल्या यकृतात मुखाजवळ साध्या, पेशी नव्याने वाढून झालेल्या मोठ्या गाठी दिसतात. पण नळ्या फुगल्यात, वजन उतरलंय, तेव्हा वेळ घालवू नका. इतक्या वर्षांची सूज आणि तुंबलेलं पित्त यांतून कॅन्सर होऊ शकतो, क्वचित होतो, पण होतो. सुईबद्दल दुसरे डॉक्टर उगाच अडवत नाहीयेत. मुखाजवळच्या या कॅन्सरच्या पेशी सुईच्या वाटेने पसरायची भीती असते, आणि पोटातून अशी बायोप्सी झालेली असेल तर काही केंद्रं ट्रान्सप्लांटच नाकारतात. आधी त्यांचं मत घ्या.

बाणेरचा_बाबा: आमच्या लेकीचं कासाई, नंतर ट्रान्सप्लांट. आतड्याची जोडणी बदललेली असली की नेहमीची ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं, बहुतेक जमत नाही. त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढतात, पीटीबीडी म्हणतात. हे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचं काम, तेव्हा ते आणि ट्रान्सप्लांट सर्जन एकाच छताखाली असतील तिथेच जा. नळी घालायच्या आधीही सर्जनना विचारा. एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर कुणी मत देत नाही. मेंदूमृत दात्याचं यकृत लागलं तर पुण्याच्या झेडटीसीसीकडे (अवयववाटप बघणारी विभागीय समिती) नाव हॉस्पिटलमार्फतच जातं. घरातल्याच कुणी यकृताचा भाग द्यायचा झाला तर सख्खी बहीण कायद्याने जवळच्या नात्यात येते, तुमचा रक्तगट आत्ताच बघून ठेवा. दुसरं मत हवं असेल तर परळचं टाटा. आणि हो, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच ॲडमिट करा.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. बायोप्सी तूर्त थांबवलीय, सोमवारी ट्रान्सप्लांट ओपीडीची वेळ मिळाली. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, त्याचा बी. चालतं ना हे? शिवाय मला थायरॉईडची गोळी चालू आहे, त्याने दाता म्हणून अडतं का, कुणाला अनुभव असेल तर सांगा. विमा कंपनी 'जन्मजात आजार' म्हणून हात वर करतेय, त्यासाठी वेगळा धागा काढते.