सोसायटी ग्रुप : मॉक ड्रिलमध्ये नक्की काय तपासतात?

ए-१०२ : पुढची साथ आली तर आपली सरकारी हॉस्पिटलं तयार आहेत का, हे कुणी तपासतं का? की पुन्हा २०२१ सारखे ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन?

बी-३०३ : तपासतात काका. २७ डिसेंबर २०२२ ला देशभर मॉक ड्रिल झालं, मग १० आणि ११ एप्रिल २०२३ ला परत. खाटा, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन प्लांट, औषधं, सगळं पाहिलं.

सी-४०४ : पहिल्या ड्रिलला मी ड्युटीवर होते. तारीख आधीच कळलेली, त्यामुळे वॉर्ड चकाचक. प्लांट सुरू केला, फोटो काढले. पण शेवटच्या खाटेपाशी प्रेशर किती येतंय ते बघायला कुणी वर आलं नाही. रात्रपाळीत प्लांट कोण चालवणार, हेही विचारलं नाही. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकी होती, ऑक्सिजनही होता. टाकी भरताना गळती झाली, पुरवठा तुटला आणि २० हून जास्त रुग्ण गेले. आम्हा नर्सेसना तो दिवस विसरता येत नाही. म्हणून सांगते, पुरवठा तुटलाय असं धरून सिलिंडर किती मिनिटांत लागतात ते घड्याळ लावून बघायला हवं. तेही न सांगता, रात्री.

ए-१०२ : असं कुठे करतात का, ताई?

बी-३०३ : अगदी असंच नाही, पण ऑगस्ट २०२४ मध्ये अजमेरला 'विषाणू युद्ध अभ्यास' नावाचा सराव झाला. प्राण्यांकडून माणसांत आलेल्या रोगाची कल्पित साथ उभी केली. विषाणू कोणता ते पथकांनी शोधायचं होतं आणि त्यांचं काम बघायला स्वतंत्र निरीक्षक होते.

डी-२०१ : ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्लूची मोठी साथ कल्पून 'सिग्नस' नावाचा सराव केला होता. गंभीर साथीला तयारी पुरणार नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं. अहवाल प्रसिद्ध झाला ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडची पहिली लाट येऊन गेल्यावर! वाचून फार वाईट वाटलं.

सी-४०४ : म्हणूनच महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी विचारू या. ड्रिलमध्ये काय कमी सापडलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं? उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज.

ए-१०२ : मसुदा मी करतो. प्रेशर आणि रात्रपाळीचे मुद्दे तुम्ही पाठवा. रविवारी सह्या घेऊ.

सी-४०४ : पाठवते. वीज गेल्यावर प्लांट जनरेटरवर चालतो का, तेही घाला काका.