शब्दचर्चा : प्रेमकथा, प्रणयकथा की रोमान्स?

अर्धविराम :
मी काय लिहिते हे एका ओळीत सांगायची वेळ आली की अडायला होतं. दोन माणसं भेटतात, एकमेकांकडे ओढली जातात, मध्ये काहीतरी आडवं येतं आणि शेवटी ती एकत्र येतात. हा शेवट वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतो, तरी तो रात्र जागवून वाचतो. इंग्रजीत याला 'रोमान्स' म्हणतात आणि विषय संपतो. मराठीत 'प्रेमकथा' म्हणावं तर त्यात झुरून मरणारेही येतात. 'प्रणयकथा' म्हणावं तर समोरच्याच्या भुवया वर जातात. 'रोमँटिक कादंबरी' म्हटलं की अभ्यासू मंडळी स्वच्छंदतावादावर, म्हणजे रोमँटिसिझमवर, बोलू लागतात. 'हलकंफुलकं' हा शब्द मला नको. वाचताना ते तसं वाटतही असेल, लिहिताना मुळीच नसतं.
तर नेमका शब्द कोणता? शिवाय या वाचनात जे सुख आहे त्याला आपल्याकडे काय म्हणतात, आणि लिहिताना हाताशी असावेत असे शब्द कोणते, हेही सुचवा.

कानामात्रा :
गंमत अशी की तुम्हाला हवा तो शब्द तुम्ही प्रश्नात वापरून मोकळ्या झालात. 'कादंबरी' हे एका प्रेमकथेच्या नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने ती संस्कृत गद्यात लिहायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत तो गेला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. मराठीने आणि कन्नडने त्या नायिकेचं नाव उचललं आणि सगळ्या साहित्यप्रकारालाच देऊन टाकलं. म्हणजे राजकीय कादंबरी, ग्रामीण कादंबरी, चरित्रात्मक कादंबरी असं आपण म्हणतो तेव्हा दर वेळी एका प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव घेत असतो.
संस्कृतात 'कादंबरी'चा आणखी एक अर्थ मद्य असा आहे. मुलाने उत्तरार्धाच्या आरंभी त्यावरच श्लेष केला आहे : कादंबरीच्या रसाने सगळे इतके धुंद झालेत की कुणाला कशाचं भान नाही. तुमची रात्र जागवणारी वाचक हीच.
अवांतर : नायिका पुस्तकात यायला इतका वेळ लावते की आजच्या संपादकाने हस्तलिखित परत पाठवलं असतं.

ठिपका :
व्युत्पत्ती गोड आहे, पण तिने प्रश्न सुटत नाही. आज 'कादंबरी' म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांसमोर प्रेम येत नाही.
'रोमान्स'चं तरी काय वेगळं आहे? तो मुळात भाषेला लावलेला शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिनला सोडून लोकांच्या बोलीत जे लिहिलं जाई ते 'रोमान्झ'. मग त्या बोलीतल्या गोष्टींना ते नाव पडलं, त्या गोष्टी बहुतेक सरदारांच्या साहसाच्या असल्यामुळे साहसकथांना पडलं, आणि प्रेम हा अर्थ सगळ्यात शेवटी आला. मराठी समीक्षेने 'रोमान्स'ला 'अद्भुतरम्य' हा प्रतिशब्द घेतला तो मधल्या अर्थावरून. १८६१ सालची 'मुक्तामाला' आणि तिच्या मागून आलेल्या कादंबऱ्या अद्भुतरम्य म्हणून ओळखल्या जातात, आणि त्यांत योगायोग, संकटं नि कारस्थानं भरपूर असतात. तेव्हा अर्धविराम, 'अद्भुतरम्य' तुमच्या कामाचा नाही.

वेलांटी :
मी लिहीत नाही, नुसती वाचते, आणि अधाशासारखी वाचते. त्यामुळे वाचणारीच्या बाजूने.
'प्रेमकथा' आणि 'रोमान्स' यांत फरक शेवटाचा आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या केली, तिच्यात दोनच अटी होत्या : केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. बाकी काळ कोणता, पात्रं कोण, किती मोकळेपणाने लिहायचं, सगळं लेखकाच्या मर्जीवर. शेवट मोडलात तर पुस्तक कदाचित थोर होईल, पण रोमान्स राहणार नाही.
या शेवटाला मराठीत 'सुखान्त' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्याला परीक्षेतल्या उत्तराचा वास येतो. कहाण्यांच्या शेवटी येणारं 'सुफळ संपूर्ण' मला फार आवडतं. 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' ऐकताना गोष्ट संपल्याचं वाईट वाटत नाही, कारण ती पिकून हातात आलेली असते. आणि राजा-राणी पुढे काय करू लागले? 'सुखाने नांदू लागले'. नांदणं म्हणजे नुसतं राहणं नव्हे. त्यात रोजचं जमवून घेणं आहे, कुरबुर आहे, घर भरलेलं असणं आहे. पूर्वी सासरी फक्त सून नांदायची. आताच्या कथांत दोघं नांदतात, आणि शब्दाचा अर्थ पुढे सरकतो तो असाच.

कानामात्रा :
वेलांटी यांनी शेवटाचा मुद्दा काढला म्हणून साहित्यशास्त्राकडे वळतो, कारण तिथे हीच सीमारेषा फार पूर्वी आखलेली आहे.
शृंगार रसाचे दोन भाग : संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलन आणि ताटातूट. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचे चार प्रकार देतो : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. पूर्वराग म्हणजे भेटीआधीच, ऐकून किंवा बघून जडलेली ओढ. मान म्हणजे रुसवा. प्रवास म्हणजे दूर जाणं. चौथा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. त्यात दोघांतलं एक मरतं, पण पुन्हा भेट होणार असते, म्हणून तो शृंगारच राहतो. उदाहरण म्हणून विश्वनाथ 'कादंबरी'तल्याच महाश्वेतेचं आणि पुंडरीकाचं नाव घेतो. भेटीची आशाच नसेल तर तो शृंगार उरत नाही, सरळ करुण रस होतो.
म्हणजे शेवट आधीच माहीत असणं हा या प्रकाराचा दोष नव्हे. भेट होणार ही खात्री आहे म्हणून विरहाचा आस्वाद घेता येतो. खात्री काढून घ्या, उरेल ते दुःख.
विश्वनाथाच्या आधीचा काव्यशास्त्रकार मम्मट, त्याच्या यादीत विप्रलंभाच्या कारणांमध्ये 'शाप'ही आहे. आज शाप देता येत नाही, म्हणून लेखक नायकाला परदेशी नोकरी देतात.

अर्धविराम :
हे फार उपयोगी पडलं. 'शेवट ठाऊक असताना वाचायचं कशाला' या प्रश्नाला इतकं नेटकं उत्तर मला कधी देता आलं नव्हतं.
पण मग 'प्रणय' का नको? त्याला वास कुठून लागला?

कानामात्रा :
मुळात नव्हताच. 'प्रणय'मध्ये 'नी' हा धातू आहे, नेणे. प्र-नी, पुढे नेणे. संस्कृतात प्रणय म्हणजे स्नेह, विश्वास, सलगी, क्वचित मागणंही. याच धातूचं कुटुंब बघा : 'नायक' नेणारा, 'नायिका' नेणारी, 'अनुनय' म्हणजे समजूत काढणं, मनधरणी, आणि 'परिणय' म्हणजे अग्नीभोवती नेणं, विवाह. नायक, नायिका, अनुनय, प्रणय, परिणय. तुमच्या कादंबरीचं कथानक एका धातूत बसलं.

ठिपका :
बसलं खरं, पण शब्द आपल्या कुळावर जगत नाहीत, वापरावर जगतात. मराठीत 'प्रणय' बातम्यांत आणि सिनेमाच्या परीक्षणांत शिरला आणि 'प्रणयदृश्य', 'प्रणयक्रीडा' असे समास होत होत त्याचा अर्थ शरीरापाशी येऊन थांबला. 'शृंगारिक'चं त्याहून वाईट झालं. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला होता. कथा १९६२ च्या दिवाळी अंकातली, आणि उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या लेखकाची सर्वोच्च न्यायालयाने सुटका केली १९६९ मध्ये. कायद्याने अश्लील आणि शृंगारिक यांत फरक केला, पण बोलण्यात तो पुसटच राहिला. शृंगारिक कादंबरी म्हटल्यावर अजूनही माणूस आधी मुखपृष्ठ झाकतो.
रसाचं नाव म्हणून शृंगार सगळ्यांत वरचा, आणि विशेषण झालं की कव्हर घालून वाचायचा.

वेलांटी :
हे झाकून वाचणं सर्वत्र आहे. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, प्रेमकथांवर भर आला १९३० च्या दशकात. पुढे तिचं नाव मराठीतही सामान्यनाम झालं. 'काय मिल्स अँड बून चाललंय!' हे वाक्य ऐकलं नाही अशी वाचणारी मला भेटलेली नाही. रहस्यकथा वाचणाऱ्याला कुणी 'खून करायचा विचार आहे का' असं विचारत नाही. प्रेमकथा वाचणारीला मात्र स्वप्नाळू ठरवलं जातं. 'स्वप्नरंजन' हा शब्द आपण कायम नाक मुरडून का वापरतो?
मूळ प्रश्नात वाचनसुखाचा शब्द विचारला होता. माझं मत 'रंगणे'. मी पुस्तकात रंगते. गुंगणे, गढून जाणे, बुडून जाणे यांत माणूस हरवतो. रंगण्यात तो जागेवर असतो, फक्त त्याला रंग चढलेला असतो.

कानामात्रा :
झकास! आणि हे बघा : रंग, रंजन, मनोरंजन, अनुराग, सगळे 'रञ्ज्' धातूचे, रंग चढणे. 'राग'सुद्धा त्यातलाच. संस्कृतात राग म्हणजे लाली, आसक्ती. मराठीने त्याचा संताप केला. भांडणापासून सुरू होणाऱ्या प्रेमकथा इतक्या का चालतात? राग आणि अनुराग यांच्यात फक्त एक उपसर्ग आहे.

ठिपका :
शाब्दिक कोटी म्हणून मान्य. कारण म्हणून नाही. :)
भांडण चालतं कारण भांडताना दोघं एकमेकांकडे नीट लक्ष देतात. प्रेमात पडायला त्याहून जास्त काही लागत नाही.

अर्धविराम :
आता लिहिणारीच्या बाजूने थोडं सांगते, कारण मराठीत प्रेमकथा लिहिण्याची खरी मजा नामांत नाही, सर्वनामांत आहे.
'तुम्ही'वरून 'तू'वर येणं. दोन पात्रं शंभर पानं अहो-जाहो करतात आणि एका वाक्यात, बहुधा घाईत किंवा रागात, एकाच्या तोंडून 'तू' निसटतो. लेखकाने काहीही समजावून सांगायचं नाही. समोरच्याने तो ऐकला हे दाखवलं की पुरे. पुढच्या वाक्यात ती परत 'तुम्ही' म्हणते की नाही, यावर एक अख्खं प्रकरण निघतं. जुन्या गोष्टींत प्रवास उलटाही असे : लग्नाआधी 'तू' आणि लग्नानंतर 'अहो'. ते 'अहो' कधी लाडाचं, कधी अंतराचं, आणि दोन्ही एकाच शब्दात.
तसंच 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'आपण' म्हणजे त्याला धरून. 'मी निघते' आणि 'आपण निघू या' यांच्यामध्ये कधी कधी अर्धी कादंबरी असते.
कबुलीचं वाक्य मात्र छळतं. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे व्याकरणात बसतं, पण पात्राच्या तोंडी पाठ केल्यासारखं येतं. प्रेम ही करायची गोष्ट असल्यासारखं. मराठीत या गोष्टी माणसाला होतात : मला तू आवडतेस, माझा तुझ्यावर जीव आहे, तुझी सवय झालीय मला. 'तुझ्यावाचून करमत नाही' यात 'प्रेम' शब्द नाही आणि तरी ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.
आणि निनावी पत्र! हे जुनं हुकमी कथानक मराठीत लिहून बघा. 'मी रोज बघतो' लिहिलं की तो पुरुष, 'बघते' लिहिलं की बाई. क्रियापद लगेच चुगली करतं. मग वाटा शोधायच्या : 'मला वाटतं', 'मी तुला पाहिलं', 'मी येईन', 'मी थांबणार आहे'. यांतून लिंग कळत नाही. अख्खं पत्र असं लिहिता येतं, आणि शेवटच्या ओळीत मुद्दाम एक 'थांबलेय' टाकता येतं.

वेलांटी :
हे पत्र कुठल्या पुस्तकात आलंय ते आधी सांगा!
शब्दांची भर घालते. इंग्रजीत या कथांच्या साच्यांना ठरलेली नावं आहेत आणि वाचक त्या नावांनीच पुस्तक मागतात. आपल्याकडे साचे नसले तरी टप्प्यांना शब्द आहेत : नजरानजर, ओढ, हुरहुर, आढेवेढे, लटका राग, रुसवाफुगवा, अबोला, मनधरणी, सूत जुळणं. 'अबोला' तर एकट्याने धरता येतो आणि दोघांना भोगावा लागतो. खोटं खोटं लग्न ठरवून खरं प्रेम होतं त्या साच्याला 'लटकं लग्न' म्हणता येईल. 'लटका' शब्दात लाडिक खोटेपणा आहे, फसवणूक नाही.
'स्लो बर्न'ला, म्हणजे प्रेम अगदी हळूहळू फुलत जातं त्या साच्याला, मी 'मंद आच' म्हणते. कुणाला याहून बरं सुचत असेल तर सांगा.

ठिपका :
'मंद आच' चांगलं आहे. 'पूर्वराग' तिथे वापरू नका, तो भेटीआधीचा.
मूळ प्रश्नाचं उत्तर : 'प्रेमकादंबरी'. सरळ आहे, कुणाच्या भुवया चढत नाहीत, आणि कानामात्रांच्या नायिकेचं नावही राहतं. शोकान्तही त्यात बसतो हे खरं, तेव्हा शेवटाची हमी तुम्हाला मलपृष्ठावर द्यावी लागेल. 'रोमान्स' देवनागरीत लिहायलाही माझी हरकत नाही. भाषेत रुळलेला शब्द उपटून काढायचं कारण दिसत नाही.

अर्धविराम :
मुखपृष्ठावर 'प्रेमकादंबरी', बोलताना 'रोमान्स', असं ठरवते. मलपृष्ठावर 'सुफळ संपूर्ण' छापायला संपादक तयार होतात का ते विचारते. त्या म्हणतील, शेवट फोडलास.
वेलांटी, पत्र अजून पुस्तकात नाही. तिसऱ्या प्रकरणात अडलंय. 'मी तुझी वाट पाहतो/पाहते' या वाक्याला लिंग न कळणारा पर्याय हवाय, आणि 'वाट पाहीन'मध्ये ती आत्ताची तगमग येत नाही.

कानामात्रा :
'माझं लक्ष सारखं वाटेकडे असतं.'