मिनी-डीव्ही टेपा ब्लू-रेवर साठवायच्या आहेत : रायटर कोणता, डिस्क कोणती?

सातरस्ता_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. लग्नं आणि सोलापूरची गड्ड्याची यात्रा मिळून ६० मिनिटांच्या साधारण २०० मिनी-डीव्ही टेपा (कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेट) आहेत. कच्चं फुटेज जसंच्या तसं ठेवायचंय, एमपेगमध्ये आणखी दाबून लहान करून नाही. डीव्हीडीवर एका टेपेला तीन-तीन डिस्क लागतात, फाइल तोडावी लागते ती वेगळीच.

२००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या एचडी डीव्हीडीचा नाद सोडला, म्हणजे आता ब्लू-रे राहणार हे नक्की. पुण्याहून वापरलेला पायोनियर बीडीआर-१०१ए हा ब्लू-रे रायटर स्वस्तात मिळतोय. नवा घ्यायचा तर एलजी जीजीडब्ल्यू-एच२०एल डोळ्यासमोर आहे. मशीन पेंटियम ४, विंडोज एक्सपी, बोर्डावर ड्राइव्ह जोडायला आयडीई (जुनी) आणि साटा (नवी) दोन्ही सोयी. प्रश्न तीन : कोणता ड्राइव्ह घ्यावा? २५ जीबीच्या एका डिस्कवर दोन टेपा बसतील ना? आणि लोडशेडिंगमध्ये हे काम कसं जमवायचं?

डेटा_अण्णा

मालक, बीडीआर-१०१ए घेऊ नका. तो २००६ सालचा, अगदी पहिल्या पिढीतला ड्राइव्ह आहे. आयडीई जोडणी, लिहिण्याचा वेग २ एक्स, ५० जीबीची दोन थरांची डिस्क तो लिहीत नाही आणि सीडी तर वाचतही नाही. म्हणजे सीडीसाठी केबिनेटात दुसरा ड्राइव्ह ठेवावाच लागणार. एच२०एल साटा आहे, एका थराची बीडी-आर (एकदाच लिहायची ब्लू-रे डिस्क) ६ एक्सने आणि दोन थरांची ४ एक्सने लिहितो, सीडी-डीव्हीडीही हाताळतो. एचडी डीव्हीडी वाचतो ते तुमच्या कामाचं नाही.

‘२ एक्स’ वाचून डीव्हीडीशी तुलना करू नका. ब्लू-रेचा १ एक्स म्हणजे सेकंदाला ४.५ एमबी. २ एक्सला २५ जीबीची डिस्क ४६ मिनिटांत भरते, ४ एक्सला २३ मिनिटांत. लिहिलेलं वाचून तपासायला साधारण तेवढाच वेळ आणखी धरा, आणि तपासणी टाळायची नाही.

आता दोन टेपांचं. बसत नाहीत. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइटची, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३.६ एमबी. कॅप्चरची फाइल टाइप-१ किंवा टाइप-२ एव्हीआय अशी दोन प्रकारची असते; टाइप-२ मध्ये आवाज पुन्हा वेगळा जातो, त्याचे आणखी ०.१९. पूर्ण तासाची टेप विंडोजमध्ये १२.७ जीबी दिसते, दोन टेपा २५.४. डिस्कवर २५ छापलेलं असलं तरी विंडोजच्या हिशेबाने जागा २३.३ जीबीच. टाइप-१ ने कॅप्चर केलं तरी दोन टेपा २४.१ होतात, तेव्हा तिथेही काटा वरच राहतो.

हिरवा_कंदील

अण्णांच्या हिशेबात एक भर. नुसतं फुटेज टाकून मोकळे होऊ नका, क्विकपार या प्रोग्रामने १० टक्के दुरुस्ती-फाइली करून त्याच डिस्कवर ठेवा. पुढे चार-दोन ठिकाणी डिस्क वाचेना झाली तर नेमका तो तुकडा पुन्हा बांधता येतो. पेंटियम ४ वर याला वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवा.

मग २३.३ पैकी फुटेजला उरतात २१ जीबी. टेपा तोडत भरल्या तर २०० टेपांना १२१ डिस्क लागतील. ५० जीबीच्या डिस्कवर (विंडोजमध्ये ४६.६) तीन अख्ख्या टेपा, ३८.१ जीबी, आणि ३.८ च्या दुरुस्ती-फाइली आरामात मावतात. ६७ डिस्कमध्ये काम संपतं, एकही टेप तुटत नाही आणि वहीत नोंद सरळ राहते. दोन थरांची डिस्क एका थराच्या पावणेदोन पट भावाच्या आत मिळाली तरच हा सौदा परवडतो. भाव विचारताना दोन्ही विचारा.

पण ५० जीबीत एक खोट आहे. डिस्कची बाहेरची कड ही सगळ्यात नाजूक जागा, चुका तिथेच जास्त निघतात. एका थराच्या डिस्कवर शेवटचा एखादा जीबी मोकळा सोडला की कड टळते. दोन थरांत पहिला थर आतून बाहेर पूर्ण भरतो आणि दुसरा कडेपासून आत येतो. म्हणून शेवटी कितीही जागा मोकळी सोडा, कडेवर लिहिलं जाणारच. ५० जीबीच्या प्रत्येक डिस्कची तपासणी शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवरही करा.

डिस्क घेताना पुड्यावर ‘एलटीएच टाइप’ छापलंय का ते बघा. २००८ सालीच आलाय हा प्रकार. त्यात डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग असतो, म्हणून स्वस्त. जुने ड्राइव्ह नवीन फर्मवेअरशिवाय (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरशिवाय) तो घेत नाहीत. साध्या बीडी-आरमध्ये अजैविक थर असतो, साठवणीसाठी तोच घ्या. सोलापूरचा मे महिना सेंद्रिय रंगाला मानवेल यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

लूम_आणि_लिनक्स

एक्सपीवाल्यांसाठी महत्त्वाचं. डिस्कवर फाइली मांडायची पद्धत म्हणजे यूडीएफ; एक्सपी तिची २.०१ पर्यंतचीच आवृत्ती वाचतो, २.५० नाही. डेटा डिस्क लिहिताना सॉफ्टवेअरमध्ये यूडीएफ १.०२ किंवा २.०१ निवडा. आयएसओ ९६६० ही जुनी पद्धत निवडलात तर ४ जीबीवरची फाइल अडते. कॅप्चरची हार्डडिस्कही एनटीएफएस फॉरमॅटचीच हवी, फॅट३२ वर १२.७ जीबीची फाइल मावणार नाही.

बीडी-आर आधी फॉरमॅट करू नका. फॉरमॅटने खराब जागेच्या बदल्यात वापरायला राखीव भाग ठेवला जातो, आणि मग ड्राइव्ह लिहिलेला प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे परत वाचून बघतो. वेग निम्म्यावर येतो, जागाही जाते. कोरी डिस्क एका दमात लिहा, तपासणी नंतर वेगळी करा. बीडी-आरईवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर) मात्र ही वाचून बघण्याची पद्धत मुळातच असते, त्यामुळे २ एक्सची २५ जीबी डिस्क दीड तास घेते.

यंत्रमागांच्या वस्तीत स्टुडिओ असेल तर हवेत कापसाचे तंतू उडत असतात. ब्लू-रेचा डेटा वाचणाऱ्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६. लेन्सही डिस्कच्या फार जवळून फिरते. त्यामुळे ब्रशवाली लेन्स-सफाईची सीडी या ड्राइव्हला लावू नका, ओरखडा पडला तर ड्राइव्ह गेला. ट्रे उघडा ठेवू नका. डिस्क मऊ पाकिटात एकावर एक न ठेवता कडक डबीत उभ्या ठेवा. वर कागदी लेबल चिकटवलं की तोल जातो, मार्करने लिहा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट नको, संध्याकाळपर्यंत ती भिंत तापलेलीच असते.

सातरस्ता_स्टुडिओ

सगळ्यांचे आभार. म्हणजे एच२०एल आणि ५० जीबी. वीज राहिली. दुकानात ६०० व्हीएचा यूपीएस आणि एक इन्व्हर्टर आहे. आणि मग टेपा पुसून पुन्हा वापरल्या तर?

डेटा_अण्णा

६०० व्हीए संगणकाला दहा-पंधरा मिनिटं धरतो, सीआरटी मॉनिटर बंद केला तर थोडा जास्त. ४ एक्सला ५० जीबी लिहायलाच ४६ मिनिटं लागतात. बीडी-आर एकदाच लिहिता येते, मध्ये मशीन बंद पडलं की ती डिस्क गेलीच धरा. म्हणून वीज आल्या आल्या बर्न (डिस्क लिहिणं) सुरू करा. वीज यायला आणि जायला तास-दीड तासाचं अंतर असेल तर लिहिणं त्यात होतं, तपासणी मध्येच तुटली तर पुन्हा करता येते. इन्व्हर्टरच्या मागे बटण असतं, ते ‘यूपीएस’ बाजूला करा. साध्या मोडवर वीज बदलताना इतका वेळ जातो की संगणक रीस्टार्ट होतो. पंखे-ट्यूब त्याच लाइनवर असतील तर बर्न चालू असताना बंद ठेवा.

टेपा पुसू नका. निदान दुसरी प्रत होईपर्यंत तरी नाहीच. हार्डडिस्कवर छापतात त्या हिशेबाने २०० टेपांचे २.७३ टीबी होतात, ५०० जीबीच्या सहा हार्डडिस्क. तेवढा खर्च झेपत नसेल तर टेप हीच तुमची दुसरी प्रत. लिहिण्यापासून वाचवणारी मागची खिटी ‘सेव्ह’वर सरकवा, टेप सुरुवातीपर्यंत गुंडाळा आणि डबीत उभी ठेवा.

हिरवा_कंदील

आणि यात्रेच्या टेपा आधी घ्या. लग्नाची एडिट केलेली डीव्हीडी गिऱ्हाइकाच्या घरी एक तरी असते. यात्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या (मानाच्या काठ्यांच्या) कच्च्या फुटेजची दुसरी प्रत कुणाकडेच नसणार.